पावसात उतरणारी बॅटरी : एका जुन्या मोटारीच्या वायरिंगमधील दडलेल्या दोषाचा शोध

प्रस्तुत प्रकरण १९९८ सालच्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या आणि मागे स्वतंत्र डिकी असलेल्या एका पेट्रोल सेदान मोटारीचे आहे. मोटारीचे मालक निवृत्त शिक्षक. नोकरीची शेवटची चौदा वर्षे त्यांनी वेंगुर्ल्यात काढली आणि त्यानंतर ते कोल्हापुरात स्थायिक झाले. त्यामुळे मोटारीच्या पाटीवर अजूनही एमएच-०७ आहे आणि तिच्या पत्र्यात, नटबोल्टांत व तांब्याच्या तारांत खाऱ्या हवेचा मुक्काम आहे. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर त्यांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते आणि गाडी मोडीत काढण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

तक्रार एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की कधीकधी बॅटरी पूर्ण उतरते, आणि असे बहुधा पावसात होते. या वाक्यातील ‘कधीकधी’ आणि ‘बहुधा’ या दोन शब्दांपायी चौदा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या, डायनामो (आपल्याकडे अल्टरनेटरलाही अजून हेच नाव आहे) दोनदा खोलला गेला होता, त्यातील डायोडची (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांची) प्लेट बदलली होती आणि म्युझिक सिस्टीम महिनाभर काढून ठेवून पाहिली होती. दरवेळी गाडी दुरुस्त होऊन घरी जाई, काही आठवडे नीट चाले आणि एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक करी.

उद्यमनगरातील आमच्या छोट्या कार्यशाळेत ही मोटार जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. जुन्या गाडीच्या वायरिंगचे काम हाती घेताना आम्ही प्रथम मालकाला बोलते करतो आणि गाडीला नंतर हात लावतो, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कारखान्याने घातलेल्या वायरिंगइतकेच निरनिराळ्या वायरमननी केलेले जोडकामही नांदत असते आणि त्याचा नकाशा कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. सरांनी दिलेली यादी अशी : सेंट्रल लॉकिंग नंतर बसवलेले, मागचे स्पीकर नंतर बसवलेले, हॉर्नचा रिले (विजेने चालणारा स्विच) एका वायरमनने वाढवलेला, आणि डिकीच्या आतल्या बाजूचे रेक्झिनचे फळकूट तीन वर्षांपूर्वी ढिले झाल्यावर पुन्हा बसवून घेतलेले. या शेवटच्या नोंदीकडे आम्ही तेव्हा लक्ष दिले नाही.

गाडी तपासणीला येते तेव्हा ती रिकामी करून आणावी असे आम्ही सर्वांनाच सांगतो. सरांनीही सांगितल्याप्रमाणे सामान घरी ठेवून गाडी आणली. पुढे जे घडले ते पाहता ही सूचना चुकीची होती.

बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर प्रवाह पस्तीस तास पुरवू शकेल एवढी, होती. गाडी पूर्ण बंद, दारे लावलेली आणि किल्ली काढलेली असताना बॅटरीतून किती प्रवाह जातो हे मोजणे ही पहिली पायरी. येथे एक सावधगिरी लागते. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढून मग मध्ये मीटर जोडला, तर एक क्षण सगळे वायरिंग मृत होते, एखादा अडकलेला रिले सुटतो, एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण नव्याने सुरू होते आणि जो दोष शोधायचा तोच नाहीसा होऊ शकतो. म्हणून मीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबाला आणि दुसरे निगेटिव्ह वायरच्या क्लॅम्पला आधी लावून घ्यावे आणि मगच क्लॅम्प खांबावरून हलकेच उचलावी, म्हणजे प्रवाह खंडित न होता मीटरमधून वाहू लागतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, हेही सांगायला हवे. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो आणि मीटरचा दहा अँपिअरचा फ्यूज त्यात टिकत नाही.

वाचन आले २२ मिलिअँपिअर. घड्याळ, म्युझिक सिस्टीमची स्मृती आणि सेंट्रल लॉकिंगचे युनिट मिळून एवढा प्रवाह जाणे योग्यच होते, आणि या गतीने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. डायनामोची मुख्य वायर सोडून पुन्हा मोजले, आकड्यात फरक पडला नाही. म्हणजे डायोडमधून गळती नव्हती आणि आधीच्या मंडळींनी बदललेली प्लेट बहुधा विनाकारण बदलली गेली होती.

याच तपासणीत दुसरा एक दोष सापडला आणि त्याने आमचा अर्धा दिवस घेतला. पार्किंग लाइट चालू ठेवून डावा इंडिकेटर लावला, की त्याच लयीत मागचा डावा लाल दिवा मंद-प्रखर होत होता. हे खराब अर्थचे, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीतील बिघाडाचे, लक्षण आहे. एका बाजूचे तिन्ही दिवे एकाच बोल्टमार्गे बॉडीला जोडलेले असतात. तो बोल्ट गंजला की तिघांचा परतीचा रस्ता एकत्रच अरुंद होतो आणि एकाने प्रवाह घेतला की दुसऱ्याच्या वाट्याचा दाब कमी होतो. आधीच्या वायरमनने येथे मीटरची (जोडणी अखंड असली की वाजणारी) शिटी वाजवून अर्थ ‘ओके’ ठरवला होता. शिटीवर भरवसा ठेवण्यात हाच धोका आहे. अनेक मीटर काही दहा ओहमपर्यंतही शिटी वाजवतात, आणि मीटर स्वतः जो प्रवाह सोडतो तो इतका क्षीण असतो की गंजाच्या पापुद्र्यातूनही तो सहज जातो. ब्रेक, इंडिकेटर आणि पार्किंग मिळून ४७ वॉटचा भार पडतो तेव्हा मात्र त्याच वाटेने जवळजवळ चार अँपिअर जायला हवेत. आम्ही तिन्ही दिवे चालू ठेवून दिव्याची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये व्होल्ट मोजले. जेथे एक-दशांश व्होल्टाच्या आसपास अपेक्षित होते तेथे ३.१ व्होल्ट मिळाले. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली. वाचन ०.०६ वर आले.

दोष मिळाल्याचे समाधान मोठे फसवे असते. आमच्यापैकी एकाने तर कामाच्या वहीत ‘अर्थ दुरुस्त, प्रकरण बंद’ असे लिहूनही टाकले होते. परंतु खराब अर्थ प्रवाहाला अडवतो, चोरून वाहू देत नाही. दिवे बंद असताना त्या बोल्टमधून काहीच जात नाही, मग बॅटरी उतरण्याशी त्याचा संबंध कसा लागणार? ती ओळ खोडावी लागली.

गाडी चार दिवस ठेवून घेतली. रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रवाह मोजला, आकडा २२ आणि २३ च्या पलीकडे गेला नाही. तक्रार पावसाशी जोडलेली असल्याने पाचव्या दिवशी नळीने गाडीवर अर्धा तास पाणी मारले, काचेच्या रबरावर, बॉनेटच्या कडेवर, डिकीच्या झाकणावर. पुढच्या उजव्या बाजूच्या गालिच्याखाली थोडे पाणी झिरपलेही, आणि तेथून जाणाऱ्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) कपलरवर, म्हणजे जोडावर, हिरवी पूड होती. येथे आम्हाला वाटले की चोर सापडला : खारट पाणी, उघडे तांबे आणि सततचा बारा व्होल्ट. पण मीटर हलला नाही.

यानंतर जे केले ते मोजमाप नव्हते, कागदावरचे गणित होते, आणि या शोधाची दिशा त्यानेच बदलली. साठ तासांत गाडी सुरू होईनाशी होत असेल, तर निम्मी बॅटरी, म्हणजे सुमारे १८ अँपिअर-तास, कोठेतरी गेले पाहिजेत. त्याचा सरासरी प्रवाह ०.३ अँपिअर. हा प्रवाह ओलाव्यातून वाहत असेल, तर उघड्या वायरीचे तांबे पाण्यात विरघळत जाणार, कारण पॉझिटिव्ह बाजूचा धातू अशा वेळी खाल्ला जातो. हिरवी पूड त्याचीच असते. फॅरडेच्या नियमाने प्रत्येक कूलोममागे (एक अँपिअर एक सेकंद वाहिला की एक कूलोम) ०.३३ मिलिग्रॅम तांबे जाते. १८ अँपिअर-तास म्हणजे ६४,८०० कूलोम, आणि त्याला लागणारे तांबे सुमारे २१ ग्रॅम. ०.८५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत मीटरमागे साडेसात ग्रॅमच तांबे असते. म्हणजे बॅटरी एकदा उतरवायला पावणेतीन मीटर वायर नाहीशी व्हायला हवी होती! सगळाच प्रवाह तांबे विरघळवण्यात खर्च होत नाही, काही भाग वायू निर्माण करण्यात जातो हे खरे. पण त्याचा दहावा हिस्सा धरला तरी एका खेपेला वीतभराहून अधिक वायर जाते, आणि बॅटरी चौदा महिन्यांत अकरा वेळा उतरली होती. अशी वायर पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच तुटून दोष आपोआप संपला असता.

तेव्हा पाणी प्रवाह वाहून नेत नव्हते. कोठेतरी तांब्याला लोखंड थेट टेकत होते, किंवा एखादे उपकरण चालू राहत होते. मग पाऊस काय करत होता?

हा ‘अकरा वेळा’चा आकडा सरांच्या डायरीतून आला होता. पेट्रोल, किलोमीटर, हवा भरल्याची तारीख यांबरोबर त्यांनी ‘बॅटरी उतरली, शेजाऱ्यांच्या गाडीवरून सुरू केली’ अशा नोंदी ठेवल्या होत्या. त्या आम्ही पहिल्या दिवशी चाळल्या होत्या, आता वाचल्या. अकरांपैकी नऊ नोंदी पावसाळी दिवसांच्या होत्या. उरलेल्या दोन कोरड्या होत्या : एक डिसेंबरातली, गाडी मिरजेला एका लग्नघरासमोर तीन दिवस उभी असतानाची, दुसरी एप्रिलमधली, वेंगुर्ल्याला गेले असतानाची. नऊ नोंदी पाऊस दाखवत होत्या म्हणून आम्ही सर्वजण पावसाच्या मागे गेलो होतो. खरे तर त्या दोन अपवादांना विचारायला हवे होते. पावसाचे दिवस आणि परगावचे दिवस यांत समान काय?

सरांना फोन करून घरी गाडी कशी उभी करतात हे बारकाईने विचारले. कोरड्या दिवसांत ते गाडीवर कापडी कव्हर घालत. पाऊस लागला की ओले कव्हर रंगाला घासून डाग पडतात म्हणून ते कव्हर घडी करून डिकीत टाकत, आणि परगावी जाताना तर ते डिकीत असेच. म्हणजे बॅटरी उतरली तेव्हा प्रत्येक वेळी कव्हर डिकीत होते, आणि गाडी कोणत्याही वायरमनकडे गेली तेव्हा डिकी रिकामी होती. आमच्याकडेही.

“सर, गाडी जशी घरी असते तशीच आणा, डिकीतली छत्रीसुद्धा काढू नका,” असे सांगितल्यावर त्यांना ते थोडे चमत्कारिक वाटले असावे. दुसऱ्या दिवशी गाडी आली. डिकी न उघडता मीटर जोडला. वाचन ०.४४ अँपिअर.

आता काम सरळ होते, पण येथेही फ्यूज उपटत सुटण्याचा मोह टाळला. नाजूक स्पर्शाचा दोष असेल तर फ्यूजपेटीशी झटापट करतानाच तो सुटू शकतो. फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या पाठीवरील दोन उघड्या ठिपक्यांवर मीटरची टोके लावून मिलिव्होल्ट मोजता येतात. फ्यूजलाही अल्पसा रोध असतोच. दहा अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजचा तो साधारण साडेसात मिलिओहम असतो, त्यामुळे ०.४ अँपिअर वाहत असेल तर तीनेक मिलिव्होल्ट दिसतात आणि काहीच वाहत नसेल तर शून्य. एका ओळीतील सर्व फ्यूज दोन मिनिटांत पाहून झाले. एकावरच ३.२ मिलिव्होल्ट होते, आणि त्या फ्यूजवर घड्याळ, म्युझिक सिस्टीमची स्मृती, छताचा दिवा व डिकीचा दिवा होता. छताचा दिवा बंद असल्याचे काचेतून दिसत होते. पाच वॉटचा दिवा बारा व्होल्टवर ०.४२ अँपिअर घेतो. त्यात नेहमीचे २२ मिलिअँपिअर मिळवले की ०.४४ होतात.

डिकी उघडली असती तर दिवा लागलेलाच दिसला असता, कारण तो उघडल्यावर लागण्यासाठीच असतो. म्हणून मागच्या सीटची पाठ हलकेच पुढे ओढून फटीतून पाहिले. बंद डिकीत पिवळा उजेड होता.

या दिव्याची रचना समजून घेतली म्हणजे दोष इतका काळ का दडून राहिला हे कळते. सततचा बारा व्होल्ट फ्यूजमधून थेट दिव्याकडे येतो. दिव्यापुढची वायर डिकीच्या चौकटीतील बटणाकडे जाते आणि बटण तिला बॉडीशी, म्हणजे अर्थशी, जोडते. दिव्याच्या अलीकडची वायर बॉडीला टेकली असती तर शॉर्ट होऊन फ्यूज उडाला असता आणि दोष त्याच दिवशी मिळाला असता. दिव्याच्या पलीकडची वायर टेकली, तर फ्यूजच्या दृष्टीने काहीही वावगे नसते. बटण दाबले गेले काय आणि न गेले काय, दिवा आपला जळत राहतो. आधीच्या तपासणीत बटण बोटाने दाबून दिवा विझतो हे पाहिले गेले होते, आणि रिकाम्या डिकीत तो विझतही होता.

कव्हर बाहेर काढताच ०.४४ चे ०.०२ झाले. ते पुन्हा डाव्या कोपऱ्यात रेटून ठेवले की आकडा परत वर. डाव्या बाजूचे रेक्झिनचे फळकूट काढले. मूळ प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्यामुळे ते तीन पत्रास्क्रूंनी थेट पत्र्यात आवळलेले होते, आणि मधल्या स्क्रूच्या आट्यांना लागून दिव्याची काळी-पांढरी वायर गेली होती. फळकुटाने ती दाबली की आट्या इन्सुलेशनच्या चिरेतून तांब्याला भिडत, दाब गेला की वायर मिलिमीटरभर मागे सरे. पंचवीस वर्षांत पीव्हीसीतील मऊपणा देणारे द्रव्य उडून गेल्यामुळे ते इन्सुलेशन नखानेही तडकत होते. नव्या वायरीवर हाच स्क्रू कदाचित नुसता वळ उठवून थांबला असता.

दिव्याच्या पारदर्शक झाकणावर मधोमध तपकिरी, किंचित फुगलेला डाग होता. बंद जागेत दिवसचे दिवस जळणाऱ्या दिव्याच्या उष्णतेचा तो डाग. हा डाग आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि ‘जुनी गाडी आहे’ असे म्हणून सोडून दिला होता.

दुरुस्तीसाठी केवळ टेप गुंडाळणे पुरेसे नव्हते. वायर सोलून पाहिली तेव्हा आतले धागे काळे पडलेले होते. खारी हवा चिरेतून शिरून इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकत जाते आणि अशा काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबे लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी कापत गेलो तेव्हा अकरा सेंटीमीटर वायर निघाली. तेवढीच नवी वायर घालून जोड दाबून सोल्डर केले, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली, सगळी लड नालीदार प्लास्टिकच्या नळीत घालून वरच्या कडेला बांधली आणि स्क्रूंच्या जागी पुन्हा प्लास्टिकच्या खुंट्या बसवल्या. सामानाचा खर्च दोनशे रुपयांच्या आत होता. मजुरीचे बिल मात्र आठ दिवसांच्या शोधाला न्याय देणारे करता आले नाही. मालकांनी आधीच दोन बॅटऱ्यांचे पैसे भरलेले असताना ते तसे करवलेही नाही.

बॅटरीविषयी एक गोष्ट सांगायची राहते. पूर्ण उतरलेली शिसे-आम्ल बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची क्षमता कायमची घटते. सरांची पहिली बॅटरी अशीच मेली, आणि दुसरी त्या वाटेवर होती : पूर्ण भारून ठरावीक भारावर रिकामी केली तेव्हा ३५ ऐवजी १९ अँपिअर-तासच मिळाले. अलीकडे गाडी दोन रात्रींतच बसू लागली होती ती याच कारणाने, आणि दोष वाढत चालला आहे असा सरांचा समज झाला होता तोही त्यामुळेच. दोष तेवढाच होता, टाकी लहान होत गेली होती. बॅटरी लगेच बदलू नये असे आम्ही सुचवले.

त्यानंतरचे सहा आठवडे भर पावसाचे होते. कव्हर मुद्दाम डिकीतच, डाव्या कोपऱ्यात ठेवायला सांगितले होते. सर रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी छोट्या मीटरने बॅटरीचे व्होल्ट मोजून डायरीत लिहीत. गाडी चार दिवस उभी राहिल्यानंतरचा सर्वांत कमी आकडा १२.४ होता. गालिच्याखाली हिरवी पूड दिसलेला कपलर आम्ही स्वच्छ करून कोरडा केला आहे. त्या बाजूने पाणी मात्र अजून येते, आणि पुढच्या काचेचे रबर बदलायचे काम दिवाळीनंतर करायचे ठरले आहे.